चौथ्या विषयाचा रकाना

दहावीचा निकाल लागला की घरोघरी शाखेची चर्चा सुरू होते. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, यावर महिनाभर खल चालतो. मामा, काकू, शेजारच्या इमारतीतला इंजिनिअर, सगळ्यांची मतं घेतली जातात. मग कॉलेज लागतं, कागदपत्रांची तपासणी होते आणि काउंटरवरून एक कागद पुढे सरकतो: विषय लिहा. मागे रांग असते. इंग्रजी सक्तीचंच आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र ठरलेलंच आहे. एक-दोन रकाने उरतात आणि ते शेजारच्या मुलाच्या फॉर्मकडे बघून भरले जातात.

उलटं व्हायला हवं. शाखेचा निर्णय बहुतेक मुलांच्या बाबतीत गुण, घरची परिस्थिती आणि आवड मिळून परस्पर करून टाकतात. त्यात ठरवण्यासारखं फार थोडं उरतं. ज्या रकान्यात खरोखर निवड आहे, तो चौथ्या वैकल्पिक विषयाचा. बारावीनंतरचे सर्वाधिक दरवाजे त्याच रकान्यात उघडतात आणि बंद होतात.

आधी चौकट पाहू. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. पहिला इंग्रजी, तो सर्वांना अनिवार्य. दुसरा भाषेचा: मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन, फ्रेंच, जे कॉलेजात शिकवलं जात असेल ते. पुष्कळ ठिकाणी या जागी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, घेता येतं. उरलेले चार वैकल्पिक. पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांना फक्त श्रेणी मिळते. बेरजेत ते नसतात, पण टाळताही येत नाहीत.

विज्ञान शाखेत या चारांपैकी दोन विषयांबद्दल सहसा वाद नसतो. प्रश्न गणित आणि जीवशास्त्राचा. इथे घराघरांतलं लाडकं वाक्य येतं: ‘दोन्ही राहू देत, दोन्ही दरवाजे उघडे राहतील.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण परीक्षांची रचना बघितली की त्याची किंमत कळते.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, प्रत्येकी एका गुणाचे. गणिताचे प्रश्नही ५०च, पण प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) गटात जीवशास्त्राचे १०० प्रश्न, १०० गुण, पुन्हा निम्मे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण. तीनही परीक्षांत निम्मं वजन चौथ्या विषयावर आहे. तेव्हा दोन्ही विषय ‘राहू देणारा’ विद्यार्थी दोन दरवाजे उघडे ठेवत नसतो. दोन वेगळ्या परीक्षांचा अर्धा-अर्धा भार तो डोक्यावर घेत असतो, आणि त्या अर्ध्यातला एक बहुधा कच्चा राहतो.

अभ्यासक्रमाकडे बघा. बारावीच्या जीवशास्त्रात १५ प्रकरणं, गणिताच्या दोन भागांत मिळून १५. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची प्रत्येकी १६. जीवशास्त्राला ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा. त्यामागे जर्नल, आकृत्या, आठवड्याचं प्रात्यक्षिक. गणिताचे ८० लेखी आणि २० अंतर्गत. दोन्ही विषयांना लागणारी मेहनतही वेगळ्या जातीची आहे. जीवशास्त्राला पाठ्यपुस्तक ओळ न् ओळ वाचून पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. गणिताला रोज हात चालवावा लागतो, आणि आठ दिवस सोडलं की इंटिग्रेशनचा हात जातो. दिवसाचे तास मात्र तेवढेच.

तरीही पीसीएमबी, म्हणजे चारही विषय, काहींना शोभून दिसतं. ज्याला आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत जायचं आहे, त्याला त्याचा सरळ फायदा आहे. आयसरच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न येतात. जैवतंत्रज्ञान किंवा बायोइन्फर्मॅटिक्सकडे ओढा असणाऱ्यालाही दोन्ही लागतात. आणि ज्याला मनापासून दोन्ही आवडतात त्याला कुणी का अडवावं? ज्याला फक्त एखादं दार बंद होण्याची भीती आहे, त्याच्यासाठी मधला रस्ता आहे. बोर्डाला चारही विषय ठेवायचे, पण प्रवेश परीक्षेची तयारी एकाच गटाची करायची. हे अकरावीच्या दिवाळीपर्यंत ठरवून टाकायचं. दुसरा विषय त्यानंतर केवळ बोर्डापुरता, पाठ्यपुस्तकातून, क्लास न लावता. घोळ होतो तो बोर्डाचा विषय आणि सीईटीचा विषय एकच मानल्यामुळे. क्लासवाले पीसीएमबीची वेगळी बॅच विकतात, हाही त्यातला एक भाग.

गणित सोडून पीसीबी घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच माहीत करून घ्यावी. भौतिकशास्त्र त्यांना सुटत नाही, आणि बारावीचं भौतिकशास्त्र कलनाशिवाय, म्हणजे कॅल्क्युलसशिवाय, चालत नाही. सरल आवर्त गतीत विस्थापनावरून वेग आणि त्वरण काढायचं तर डेरिव्हेटिव्ह लागतं. विद्युतचुंबकीय प्रवर्तनात फ्लक्सचा बदलाचा दर येतो. वर्गात शिक्षक एक-दोन तासांत ‘लागेल तेवढं’ डिफरन्शिएशन उरकतात, आणि पीसीबीची मुलं ती सूत्रं मंत्रासारखी पाठ करतात. मग नीटच्या भौतिकशास्त्रात गुण जातात आणि दोष ‘फिजिक्स अवघड’ याला दिला जातो. उपाय साधा आहे. अकरावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागातली फलने, सीमा आणि विकलन ही तीन प्रकरणं विषय घेतला नसला तरी सुट्टीत करून टाकावीत.

काय बंद होतं तेही मोजून घ्या. गणित सोडलं की अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, एनडीएतलं हवाई दल आणि नौदल, मर्चंट नेव्ही, बहुतेक ठिकाणचं संगणकशास्त्राचं बीएस्सी, भारतीय सांख्यिकी संस्थेचा बी.स्टॅट. ही सगळी दारं लागतात. जीवशास्त्र सोडलं की एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक, बीएस्सी नर्सिंग. औषधनिर्माणशास्त्र मात्र दोन्हीकडून मिळतं: भौतिक आणि रसायन अनिवार्य, सोबत गणित किंवा जीवशास्त्र. ‘फार्मसीसाठी बायो ठेवलंय’ असं म्हणणारी मुलं दर वर्षी भेटतात, आणि ते ओझं त्यांनी विनाकारण घेतलेलं असतं.

बायफोकलचं, म्हणजे द्विलक्ष्यी अभ्यासक्रमाचं, प्रकरण वेगळं. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स असे हे २०० गुणांचे विषय. घेतले की दुसरी भाषा जाते आणि एक वैकल्पिक विषय जातो, बहुधा जीवशास्त्र. संगणकशास्त्राच्या दोन पेपरांत प्रत्येकी ५० गुण लेखी आणि ५० प्रात्यक्षिक. २०० पैकी १०० गुण प्रात्यक्षिकाचे, म्हणून टक्केवारी वाढते. हे खरं कारण आहे आणि प्रामाणिक कारण आहे. पण ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय म्हणून’ घेत असाल तर थांबा. प्रवेशाला हा विषय लागत नाही. अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी++ आहे, आणि दुसऱ्या पेपरात ८०८५ मायक्रोप्रोसेसरची असेंब्ली भाषा. ती शिकण्यात गंमत आहे, पण आजच्या प्रोग्रॅमरच्या रोजच्या कामाशी तिचा संबंध दूरचा. बायफोकलची फी वेगळी असते, जागा मर्यादित असतात, आणि शाखेचा प्रवेश झाला म्हणून बायफोकलची जागा आपोआप मिळत नाही. जीवशास्त्र सुटतंय हे कागदावर सही करण्याआधी मुलाला मोठ्याने सांगावं. नीट देणार म्हणणारी मुलंही गुणांच्या मोहात ही सही करून बसतात.

आता वाणिज्य. इथे चौथ्या रकान्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं आणि नुकसान सर्वांत जास्त होतं. पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन हे तीन बहुतेक ठिकाणी ठरलेले. चौथा चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी, किंवा गणित. दहावीला गणिताने छळलं म्हणूनच कॉमर्सला आलेलं मूल एसपीवर डोळे मिटून खूण करतं.

पण वाणिज्य शाखेचं गणित हे विज्ञानाचं गणित नाही. मंडळात दोन्हींचे विषय क्रमांकसुद्धा वेगळे: कला व विज्ञानाचं ४०, वाणिज्यचं ८८. वाणिज्यच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात कमिशन, दलाली आणि बट्टा, विमा व वार्षिकी, रेषीय समाश्रयण, कालश्रेणी, निर्देशांक, असाइनमेंटची (कामवाटपाची) उदाहरणं आहेत. त्रिकोणमिती आणि शांकव इथे डोकं खात नाहीत. पहिल्या भागात विकलन-संकलन आहे, पण सौम्य, आणि मागणी-खर्चाच्या उदाहरणांवर लावलेलं. दहावीला गणितात साठ-पासष्ट पडलेलं मूल रोज तासभर देऊन हा विषय चांगल्या गुणांनी पार करू शकतं.

आणि गणित सोडल्याचा हिशेब दोन वर्षांनी येतो. सीए फाउंडेशनला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, बारावीला गणित असण्याची अट नाही. म्हणून लोक म्हणतात, गणित लागत नाही. पण चार पेपरांपैकी तिसरा पेपर १०० गुणांचा: ४० गुणांचं व्यावसायिक गणित, २० तर्कशक्ती, ४० संख्याशास्त्र. वर चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. अट नाही, याचा अर्थ गरज नाही असा होत नाही, आणि या एका गैरसमजापायी कितीतरी हुशार मुलं लेखाकर्मात ऐंशी मिळवून तिसऱ्या पेपरात अडकतात. तीच गत दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सची: तिथे सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत गणित द्यावंच लागतं. वाणिज्य शाखेतून बीएस्सी आयटीला जाण्याची वाटही अनेक विद्यापीठांत बारावीच्या गणितातून जाते. एसपी वाईट विषय नाही; कंपनी सचिव व्हायचं असेल तर त्यातला पत्रव्यवहार, भागभांडवल, ऋणपत्रं उपयोगी पडतील. पण केवळ पळवाट म्हणून तो घेणं महाग आहे.

कला शाखेत निवड सर्वांत मोकळी दिसते आणि प्रत्यक्षात सर्वांत बांधलेली असते. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र: यादी लांबलचक. पण कॉलेज विषय गटांत बांधतं, आणि मानसशास्त्र व भूगोल एकाच तासिकेला आले की दोन्ही एकत्र मिळत नाहीत. गटाचं हे वेळापत्रक प्रवेशाच्या आधी मागून घ्यावं. माहितीपुस्तिकेतली यादी म्हणजे कॉलेजात शिकवलेल्या विषयांची बेरीज असते, एका मुलाला मिळू शकणाऱ्या विषयांची नव्हे. भूगोल आणि मानसशास्त्राला प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात, त्यांचा आधार होतो. तर्कशास्त्रात उत्तर बरोबर तरी असतं किंवा चूक, त्यामुळे हात बसला की गुण हमखास.

कला शाखेतल्या मुलाला गणित घेता येतं हे पुष्कळ शिक्षकांनासुद्धा आठवत नाही. विषय क्रमांक ४० हा कला आणि विज्ञान दोघांचा आहे. तासिका जुळवून देणारी कॉलेजं थोडी, पण शहरांत सापडतात. अर्थशास्त्रात पुढे जायचं असेल तर ही शोधाशोध करावी. एनडीएच्या लष्करी विभागाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे असतात; कला शाखेच्या मुलाने पात्रतेच्या ओळीवर आनंद मानून पुढची ओळ वाचली नाही तर तयारीचं वर्ष फुकट जातं. स्पर्धा परीक्षा डोळ्यांपुढे असतील तर इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र हा चौकोन सामान्य अध्ययनाचा पाया घालतो. मात्र यूपीएससीचा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय अकरावीत ठरवण्याची घाई नको. पदवीपर्यंत आवड बदलते.

दुसऱ्या भाषेबद्दल थोडक्यात. संस्कृत ‘स्कोअरिंग’, आयटी ‘सोपं’, मराठी ‘गुण देत नाही’ अशी वर्गवारी कानावर येते. हे गुण कुठे उपयोगी पडणार, ते आधी विचारा. अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो, बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते. एनआयटी-आयआयटीला मात्र ७५ टक्के, राखीव प्रवर्गांत अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलची अट आहे. तिथे भाषा हातभार लावते. नामवंत कॉलेजात बीए किंवा बीकॉमला जायचं असेल तर ६०० पैकी प्रत्येक गुण मोजला जातो. बाकी कुणासाठीही, ज्या भाषेत वाचायला आवडतं ती घ्यावी. दोन वर्षांच्या रट्ट्यात तेवढाच एक श्वास.

माध्यमाची गोष्ट मात्र थोडक्यात आटपण्यासारखी नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अकरावी विज्ञानात जवळजवळ सगळं इंग्रजीत मिळतं. सेमी-इंग्रजीवाल्यांना गणित-विज्ञानाच्या संज्ञा ओळखीच्या असतात. शुद्ध मराठीवाल्याला ‘जडत्वाचे आघूर्ण’ माहीत असतं आणि फळ्यावर मोमेंट ऑफ इनर्शिया येतं. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, गणिताची फक्त इंग्रजीत. नीट मराठीतून देता येते. पहिल्या दोन महिन्यांत मागे पडणारी बरीच मुलं विषयात कच्ची नसतात, संज्ञांत अडकलेली असतात. प्रत्येक प्रकरणाच्या तीस-चाळीस संज्ञा दोन रकान्यांत लिहून काढल्या की गणपतीपर्यंत गाडी रुळावर येते. त्याआधी ‘सायन्स झेपत नाही’ असा निकाल देऊ नये.

मग ठरवायचं कसं? कलचाचणीवर फार भिस्त नको. दहावीचे गुणही फार बोलके नसतात: गणिताचे ४० आणि ४० असे दोन पेपर, वर २० अंतर्गत, आणि ते २० सढळ हाताने दिलेले असतात. याहून भरवशाची चाचणी घरच्या घरी होते आणि फुकट होते. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. गणितासाठी पहिल्या भागातली त्रिकोणमितीची दोन प्रकरणं घ्या, जीवशास्त्रासाठी कोणतीही दोन, लेखाकर्मासाठी रोजकीर्द आणि खतावणी. प्रत्येक विषयाला एक आठवडा, रोज दीड तास, शिकवणीशिवाय: वाचायचं, सोडवलेली उदाहरणं झाकून स्वतः सोडवायची, मग स्वाध्याय. उत्तरं किती बरोबर आली याला फार महत्त्व देऊ नका. अडल्यावर मूल पुस्तक बंद करतं की मागचं पान उलटतं, ते बघा. तीन आठवड्यांत जे कळतं ते कुठल्याही समुपदेशकाच्या तासाभरात कळत नाही.

त्याच काळात दुसरं काम पालकांनी करावं. मुलाच्या तोंडी येणारे तीन-चार अभ्यासक्रम घ्यायचे आणि त्यांच्या चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान छापून त्यातले विषय अधोरेखित करायचे. यादीत किमान टक्केवारीही लिहायची, कारण ती विषयागणिक असते: नीटनंतरच्या वैद्यकीय प्रवेशाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, मर्चंट नेव्हीला पीसीएममध्ये ६० आणि शिवाय इंग्रजीत ५०. ओळखीच्या कुणाच्या मुलाने चार वर्षांपूर्वी काय केलं, हा पुरावा धरू नये. नियम बदलतात.

तिसरं काम कॉलेजात जाऊन. हा विषय गेल्या वर्षी किती मुलांनी घेतला? कायम शिक्षक आहेत की तासिका तत्त्वावर? प्रात्यक्षिकं प्रत्यक्ष होतात की जर्नलच लिहून घेतात? पुरेशी मुलं नसली तर विषय बंद पडतो का? माहितीपुस्तिकेवर छापलेला जर्मन किंवा भूगर्भशास्त्र ऑगस्टमध्ये गायब झालेलं असतं, आणि मग मुलाला उरलेल्या गटात ढकललं जातं. ऑनलाइन प्रवेशात ही चौकशी आधीच करावी लागते. २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू आहे, जास्तीत जास्त दहा पसंतिक्रम भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. हवा तो विषयगट नसलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकणं ही नावाच्या मोहापायी होणारी नेहमीची चूक.

निवड चुकलीच तर? अकरावीचे गुण बारावीच्या निकालात धरले जात नाहीत, परीक्षा कॉलेजच घेतं; म्हणून विषय बदलायची खरी संधी अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांत असते. लेखी अर्ज, पालकाची सही, नव्या विषयाच्या वर्गात जागा असल्याची खात्री. तोंडी ‘हो’वर विसंबून वर्ग बदलू नका, पटावर जुनाच विषय राहतो आणि बारावीचा अर्ज भरताना उघडकीस येतो. बोर्डाकडून येणारी प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या अर्जांची तपासणीसाठीची यादी, सही करण्यापूर्वी विषय क्रमांकासह वाचा: ४० च्या जागी ८८, मराठीच्या ०२ च्या जागी हिंदीचा ०४, अशा चुका तिथेच दुरुस्त होतात. हॉल तिकीट आल्यावर धावपळ करावी लागते.

शाखेबाहेर जाणं सोपं, आत येणं अवघड. बारावी विज्ञान झालेल्याला बीए, बीकॉम, विधी सगळं खुलं. वाणिज्यवाल्याला बीएस्सी भौतिकशास्त्र नाही. पण सुटलेला एखादा विषय नंतर जोडण्याची सोय मंडळाकडे आहे: बोर्डाच्या भाषेत ‘तुरळक विषय’ घेऊन प्रविष्ट होणारा विद्यार्थी. पीसीएम घेतलेल्या आणि मग डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या मुलांना याचा उपयोग आहे, कारण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केलेलं जीवशास्त्र ग्राह्य धरायला मान्यता दिली. त्यासाठी मंडळाच्या विभागीय कार्यालयात चौकशी करून, प्रात्यक्षिकाची सोय करून देणारं कनिष्ठ महाविद्यालय आधी शोधावं आणि मगच अर्ज भरावा; ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा बाहेरून बसणाऱ्यालाही चुकत नाही.